भिंत पक्की होईपर्यंत

स्वादुपिंडाचं दुखणं पेशंट कसा बसलाय यावरून अर्धं ओळखता येतं. पाठीवर झोपवलं की कळ वाढते आणि थेट पाठीत निघते. पुढे वाकून, पोट मांड्यांवर टेकवून बसलं की ती थोडी उतरते. ओपीडीच्या बाकावर कोणी असा दुमडून बसलेला दिसला की आमच्या सिस्टर त्याचे कागद न सांगता वर ठेवतात. आंधळगावच्या विणकराचं दुखणं मात्र घरातल्या घरात कितीतरी आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याचा माग खड्ड्याचा. पाय खड्ड्यात सोडून दिवसभर कापडावर ओणवं व्हायचं हाच त्याचा धंदा. ज्या बसण्याने दुखणं कमी व्हायचं, त्याच बसण्यावर त्याचं पोट चालत होतं.

हे मला त्याच्या बायकोने सांगितलं. "मागावर बसले का दुखत नाही म्हनत जी. मंग रातीही तिथंच बसून राहत." तिला वाटलं, लग्नसराईची ऑर्डर आहे म्हणून नवरा जास्त काम करतोय.

आंधळगाव हे भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं गाव. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या अळीच्या कोशातून निघणारं सूत इथल्या हातमागांवर पिढ्यानपिढ्या विणलं जातं. आंधळगाव-मोहाडीचं कोशाचं कापड विदर्भात नाव घेऊन मागितलं जातं. गावातून पोटाच्या मोठ्या आजारासाठी निघालेला माणूस मोहाडी, मग भंडारा आणि शेवटी नागपूर असा येतो. पेशंटची ओळख कळू नये म्हणून या लेखात मी वयं, नाती आणि साल बदलली आहेत. वैद्यकीय तपशील तसेच ठेवले आहेत.

त्याला आधी एक झटका येऊन गेला होता. एका लग्नातून परतल्यावर रात्री पोटात असह्य कळ, ओकाऱ्या, घाम. भंडाऱ्याला भरती, सलाइन, रक्तात अमायलेज हे स्वादुपिंडाचं पाचकद्रव्य खूप वाढलेलं. निदान बरोबर झालं होतं : अॅक्यूट पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज. कारण दारू. मोहाची की दुकानातली, हा प्रश्न नातेवाईक नेहमी विचारतात. स्वादुपिंडाला त्याने फरक पडत नाही, अल्कोहोल दोन्हींत तेच. आठवड्याने तो घरी गेला, चालू-फिरू लागला आणि मागावर बसला. मग एक दिवस कापड गुंडाळायचं पुढचं आडवं लाकूड त्याच्या पोटाला लागायला लागलं. लाकूड जागचं हललं नव्हतं, पोट पुढे आलं होतं. घरच्यांना तो म्हणाला, "गॅस झाला." गॅसच्या गोळ्यांवर तीन आठवडे गेले. मग दोन घास खाल्ले की पोट गच्च भरायला लागलं आणि तो नागपूरला आला. सोनोग्राफीत जठराच्या मागे पाण्याने भरलेली, हातभर नसली तरी चांगली वीतभराची पिशवी दिसली.

ही पिशवी आली कुठून? स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं असतं, साधारण १५ सेंटिमीटर लांबीचं. दिवसाला सुमारे दीड लिटर पाचकरस ते तयार करतं. त्या रसातली प्रथिनं पचवणारी द्रव्यं ग्रंथीच्या आत असताना निष्क्रिय असतात, लहान आतड्यात पोचल्यावर जागी होतात. दारू, पित्तखडा, रक्तातली बेसुमार चरबी किंवा पोटावरचा मार, कशानेही ग्रंथीला इजा झाली की ती आतच जागी होतात आणि ग्रंथीलाच पचवू लागतात. एखादी नळी फुटते आणि रस बाहेर येतो. पुढचं मी भंडाऱ्याच्या पेशंटला त्याच्याच शेतातून समजावतो. पाट फुटला की पाणी शेजारच्या बांधीत साचतं. त्याला अडवणारे धुरे त्या पाण्याने बांधलेले नसतात, ते आधीपासून तिथे असतात. पोटातही तसंच होतं. रसाच्या पुढे जठराची मागची बाजू असते, खाली मोठ्या आतड्याचा पडदा, मागे खुद्द स्वादुपिंड. या शेजाऱ्यांच्या अंगावर हळूहळू तंतुमय जाड थर चढतो आणि तीच पिशवीची भिंत होते. खऱ्या सिस्टला आतून स्वतःच्या पेशींचं अस्तर असतं. या पिशवीला, म्हणजे स्युडोसिस्टला, ते नसतं.

या एका फरकावर सगळा उपचार उभा आहे. भिंत शेजाऱ्यांची, म्हणून पिशवी कापून काढायचा आग्रह धरला तर जठर, आतडं आणि प्लीहेच्या रक्तवाहिन्या हाताला लागतात. पाणी बाहेर काढायला वाट द्यायची, एवढंच करता येतं. ती वाट टिकायला भिंत घट्ट हवी. झटक्यानंतर पहिल्या तीन-चार आठवड्यांत भिंत अशी नसतेच. कोवळ्या थरात टाका घातला तर दोरा तो चिरत बाहेर येतो. म्हणून झटक्यानंतर चार आठवडे झाल्याशिवाय आम्ही त्या साठ्याला स्युडोसिस्ट म्हणतही नाही. अटलांटा शहरात सप्टेंबर १९९२ मध्ये १५ देशांतल्या ४० तज्ज्ञांनी एकत्र बसून या आजाराच्या व्याख्या ठरवल्या. २०१२ मध्ये त्या सुधारल्या. आता चार आठवड्यांच्या आतला नुसता द्रव वेगळा, चार आठवड्यांनंतर भिंत आलेला वेगळा, आणि ज्यात ग्रंथीचे मेलेले तुकडे तरंगतात तो आणखी वेगळा. बाहेरून हा शब्दांचा काथ्याकूट वाटतो. पण त्या मेलेल्या तुकड्यांच्या साठ्यात साधी बारीक नळी टाकली तर ती तुंबते, आत जंतू शिरतात आणि पेशंट आठ दिवसांत अतिदक्षता विभागात जातो. म्हणून नाव आधी बरोबर लागायला हवं.

आमच्या वर्गात शिकवायला मला एक जुनी गोष्ट फार आवडते. डिसेंबर १८८१. न्यूयॉर्कमध्ये नेथन बोझमन नावाचे सर्जन, स्त्रियांच्या शस्त्रक्रियांसाठी नावाजलेले. एका बाईचं पोट प्रचंड वाढलेलं. निदान : अंडाशयाची गाठ. क्ष-किरणांचा शोध लागायलाच अजून चौदा वर्षं होती, तेव्हा हात आणि अनुभव एवढीच साधनं. पोट उघडलं तर अंडाशय ठीक होते, गाठ वरून, स्वादुपिंडापासून आलेली. अशा वेळी पोट बंद करून बाहेर येण्याला त्या काळी कोणी नावं ठेवली नसती. बोझमन यांनी गाठ काढली. वजन साडेवीस पौंड, म्हणजे नऊ किलोंहून जास्त. बाई वाचली. पुढच्या वर्षी त्यांनी ते छापलं, आणि शीर्षकातच वजन घातलं.

त्याच सुमारास प्राग शहरात कार्ल गुसेनबाउअर यांनी वेगळा विचार केला. गाठ काढण्याच्या फंदात न पडता त्यांनी ती उघडली आणि तिच्या कडा पोटाच्या कातडीला शिवल्या. पाणी बाहेर वाहू दिलं, पोकळी आपोआप आक्रसत गेली. पेशंट जगायचे, पण महिनोन्‌महिने पोटातून पाचकरस गळत राहायचा. तो रस कातडीही पचवतो. त्या काळच्या परिचारिकांनी काय सोसलं असेल याची कल्पना आजही ज्याने असा एक पेशंट सांभाळला आहे त्यालाच येईल.

मग रस पुन्हा पोटातच का सोडू नये? तो मुळात आतड्यासाठीच तयार होतो. पोलंडमधल्या पोझनानचे आंतोनी युराश यांनी १९३१ मध्ये जठराची पुढची भिंत उघडून, मागच्या भिंतीतून थेट पिशवीत वाट करायची पद्धत मांडली. पिशवीचं पाणी जठरात, तिथून खाली. पिशवी आणि जठर एकमेकांना चिकटलेलेच असतात, तो चिकटलेपणा त्यांनी कामाला लावला. हे युराश पुढे युद्धात देश सोडून स्कॉटलंडला गेले. १९४१ मध्ये एडिंबरात निर्वासित पोलिश विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय शाळा उभी राहिली, तिचे ते पहिले प्रमुख. ज्या माणसाचा देश नकाशावरून पुसला जात होता तो परक्या शहरात वैद्यकाचे वर्ग लावत होता, हे मला त्या शस्त्रक्रियेइतकंच मोठं वाटतं. आज दुर्बिणीतून आम्ही जे करतो ते मुळात त्यांचंच आहे, फक्त पोट न उघडता.

आंधळगावच्या पेशंटकडे परत येतो. त्याला आम्ही दाखल केलं नाही. कागद पाहिले, सीटी स्कॅन केला आणि सांगितलं, घरी जा. झटक्याला सात आठवडे झाले होते. भिंत बहुतेक ठिकाणी चांगली धरली होती, एका कडेला अजून पातळ होती. ताप नव्हता, कावीळ नव्हती, थोडं थोडं खाता येत होतं. अशा पिशव्यांपैकी बऱ्याच आपोआप जिरतात. आणखी तीन आठवडे थांबण्यात नुकसान नव्हतं, फायदा होता.

त्याचा मोठा भाऊ उभाच राहिला. "कायले थांबाचं जी? पानीच हाये ना? सुई टाकून काढून घ्या."

हा प्रश्न दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं, आणि त्यात चुकीचं काही नाही. सुईने पाणी निघतं. नळी फुटलेली असेल तर पुन्हा भरतं. १९७५ मध्ये रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून जठराच्या आतून सुई घालून पाणी काढून दाखवलं होतं. वाट उघडी ठेवायची सोय झाली तेव्हाच त्या कल्पनेचा उपचार झाला.

किती थांबायचं, यावर सर्जन लोकांत मोठे वाद झाले. एडवर्ड ब्रॅडली यांनी १९७९ मध्ये पेशंटांचा पाठपुरावा करून मांडलं की सहा आठवड्यांनंतर पिशवी आपोआप जिरण्याची आशा कमी होते आणि गुंतागुंत वाढते. त्यातून 'सहा आठवडे, सहा सेंटिमीटर' हा नियम शस्त्रक्रिया शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत आला. माझ्याही वहीत तोच होता. १९९० मध्ये बाल्टिमोरच्या आणि १९९२ मध्ये मेयो क्लिनिकच्या सर्जननी सीटीवर पेशंट पाहत राहून दाखवलं की त्रास नसेल तर याहून मोठी आणि जुनी पिशवीही निर्धोकपणे सांभाळता येते. तेव्हापासून प्रश्न आकड्याचा राहिला नाही, त्रासाचा झाला. पेशंटला जेवण जातं का, ताप येतो का, डोळे पिवळे झालेत का, हे टेपने मोजलेल्या सेंटिमीटरपेक्षा महत्त्वाचं आहे. जुना नियम सोपा होता म्हणून अजूनही सांगितला जातो. त्यामुळे ज्यांना शस्त्रक्रियेची गरज नाही असे लोक टेबलावर येतात, हे मला मान्य नाही.

पण थांबायला सांगणं हे शहरात सोपं आहे. आंधळगावात थांबणं म्हणजे रात्री पोट दुखलं तर गाडी कोणाची, भंडाऱ्याला कोण घेऊन जाणार, हे आधी ठरलेलं हवं. त्याच्या बायकोला मी पाच गोष्टी पाठ करायला लावल्या. थंडी वाजून ताप. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी संडास. एकदम वाढलेली कळ आणि चक्कर. पिवळे डोळे. पाणीही न टिकणं. यांतलं एक जरी झालं तरी मला फोन करत बसायचं नाही, आधी भंडाऱ्याचा रस्ता धरायचा. तिने त्या मला दोनदा म्हणून दाखवल्या. तिला लिहिता येत नव्हतं, आणि तिच्याइतक्या काटेकोरपणे सूचना पाळणारं माणूस मी क्वचितच पाहिलं आहे.

खाण्याचं म्हणाल तर थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. वरण-भात, ताक, उकडलेलं अंडं. तर्री बंद. हे त्या घराला कठीण गेलं. ज्या सावजी रश्शाने नागपूरचं नाव झालं तो मुळात कोष्ट्यांच्याच घरचा. दारू तर कायमची बंद. ती त्याने सोडली की नाही हे डॉक्टरला कळायला नातेवाइकांपेक्षा चांगला साक्षीदार नाही. म्हणून मी तो प्रश्न पेशंटला एकदा विचारतो आणि बायकोला दरवेळी.

तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा अर्ध्या भाकरीनंतरही ओकारी येत होती. पिशवी जठराचा खालचा दरवाजा दाबत होती. भिंत आता सगळीकडून जाड. वाट करायची वेळ झाली होती.

तरी एक काम बाकी असतं, ते म्हणजे रक्तवाहिन्या तपासणं. स्वादुपिंडाच्या वरच्या कडेने प्लीहेची धमनी जाते. पाचकरस तिची भिंत कुरतडतो आणि कधी कधी तिथे फुगा तयार होतो. असा फुगा पिशवीच्या आत उघडा असताना पिशवीतलं पाणी काढलं की त्याच्यावरचा दाब जातो आणि तो फुटतो. पूर्वी एका पेशंटच्या वेळी आमची सगळी तयारी झाली होती. भूलतज्ज्ञांनी औषध सिरिंजमध्ये भरलं होतं. तेवढ्यात एक्स-रे विभागातून फोन आला, रेडिओलॉजिस्ट म्हणाले, "थांबा. आर्टरी फेजमध्ये चार मिलिमीटरचं काहीतरी दिसतंय." ते चार मिलिमीटर म्हणजे तोच फुगा होता. त्या संध्याकाळी मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेऊन धातूच्या कॉइलने तो बंद केला गेला. पाणी नंतर, दोन दिवसांनी काढलं. सिनेमात सर्जनच्या हातातली सुरी दिसते. त्या पेशंटचा जीव अंधाऱ्या खोलीत पडद्यावर डोळे लावून बसलेल्या माणसाने वाचवला, आणि पेशंटला त्याचं तोंडही कधी दिसलं नाही.

आंधळगावच्या पेशंटची धमनी ठीक होती. एंडोस्कोपीच्या खोलीत जे चालतं ते नातेवाइकांना दिसत नाही, म्हणून सांगतो. दुर्बीण तोंडातून जठरात उतरते. तिच्या टोकाला सोनोग्राफीचा छोटा भाग असतो. जठराची भिंत आणि पिशवी यांच्यात किती अंतर आहे, मध्ये रक्तवाहिनी आहे का, ते त्यातून दिसतं. अंतर साधारण एक सेंटिमीटरच्या आत हवं. पोटातून अशी सोनोग्राफी करत पिशवीत वाट करण्याचं काम हॅम्बुर्गच्या ग्रिम, बिनमोलर आणि सोहेंद्र यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याआधी दुर्बिणीतून जठरात फुगवटा दिसेल तिथे अंदाजाने भोक पाडावं लागे. आता सुई आत जाते, सुईतून तार, तारेवरून विजेवर तापणारी नळी, मग फुगा फुगवून वाट रुंद करायची. त्या क्षणी खोलीतल्या सगळ्यांना एकच काम : शोषण यंत्र चालू ठेवणं. पाणी जोरात जठरात येतं, तपकिरी, गढूळ, आणि ते श्वासनलिकेत गेलं तर पेशंट धोक्यात येतो. म्हणून घशात भूलतज्ज्ञांची नळी आधीच असते. मग दोन्ही टोकांना वळण दिलेल्या प्लास्टिकच्या दोन बारीक नळ्या वाटेत बसवतात. वळण अशासाठी की त्या निसटून आत किंवा बाहेर जाऊ नयेत. मेलेले तुकडे असतील तर रुंद धातूचा स्टेंट लागतो.

पोट न उघडता हे तितकंच चांगलं होतं का, अशी शंका जुन्या सर्जनना होती, आणि ती रास्त होती. २०१३ मध्ये श्याम वरदराजुलु आणि सहकाऱ्यांनी ४० पेशंटांत चिठ्ठ्या टाकून तुलना केली : अर्ध्यांवर शस्त्रक्रिया, अर्ध्यांवर दुर्बीण. यश जवळपास सारखं, पण दुर्बिणीवाले मध्यमानाने दोन दिवसांत घरी, शस्त्रक्रियावाले सहा दिवसांनी. खर्चही निम्म्याहून कमी. ज्याची रोजी मागावर आहे त्याच्यासाठी हे चार दिवस लहान नाहीत. तरी दुर्बीण सगळ्यांना लागू पडत नाही. पिशवी जठरापासून दूर असेल, खाली आतड्यांकडे उतरली असेल, तर आतड्याचा तुकडा वर आणून तिला जोडावा लागतो. तेव्हा भिंतीचा एक तुकडा तपासायला पाठवायचाच, हे मला माझ्या शिक्षकांनी शिकवलं आणि मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवतो.

का, तर पाण्याची प्रत्येक पिशवी स्युडोसिस्ट नसते. एका बाईंच्या रिपोर्टवर 'स्युडोसिस्ट' असं स्वच्छ लिहिलं होतं. वय पन्नाशीचं, दारूचा थेंब नाही, पित्तखडे नाहीत, आयुष्यात पोटाचा झटका कधी आलेला नाही. ज्याला झटका आलाच नाही त्याला स्युडोसिस्ट कुठून येईल? आमच्याकडच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुईने काढलेल्या पाण्याचा एक थेंब हातमोज्याच्या अंगठ्यावर घेतला, तर्जनी टेकवली आणि बोटं हळूहळू दूर नेली. तुटायला हवी ती धार लांबत गेली, चांगली इंचभर. खोलीत कोणी काही बोललं नाही, सगळ्यांना कळलं होतं. हे स्वादुपिंडाचं पाणी नव्हतं, चिकट स्राव करणारी गाठ होती. असल्या गाठी पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतात. पाण्यातलं सीईए, म्हणजे अशा गाठींत वाढणारं द्रव्य, तपासलं तर ते १९२ च्या कितीतरी वर होतं. ही मर्यादा २००४ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासातून आलेली आहे. स्युडोसिस्टच्या पाण्यात उलट असतं : अमायलेज भरपूर, सीईए कमी. त्या बाईंची गाठ जठराला जोडली असती तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो. ती स्वादुपिंडाच्या शेपटासह काढली. बोझमन यांच्या गोष्टीत चुकीच्या निदानातून सुदैवाने चांगलं निघालं. ते सुदैव दरवेळी हजर नसतं.

दुसरा एक तरुण आला तो पोटातून नळी लोंबत. झटक्यानंतर दोनच आठवड्यांत कुठेतरी घाईने बाहेरून नळी घातली होती. पाणी निघालं, नातेवाईक खूश झाले, पण नंतर चार महिने नळी बंद होईना. रोज नळीला लावलेली पिशवी भरून रस. भोवतालची कातडी लाल, सोललेली. पेशंटचं वजन उतरत चाललेलं, कारण पचवणारा रसच बाहेर जात होता. बाहेरची नळी लागतेच अशा वेळा आहेत. पिशवीत पू झाला असेल, पेशंट अत्यवस्थ असेल, तर ती जीव वाचवते. या मुलाला तसलं काहीच नव्हतं. त्याची भिंत पक्की होण्याची फक्त वाट पाहिली गेली नव्हती.

पूर्व विदर्भात काम करताना पित्तखड्यांकडे वेगळं पाहावं लागतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली हा सिकलसेलचा पट्टा. या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यांच्या रंगद्रव्याचे खडे पित्ताशयात बनतात, आणि तेही ऐन विशीत. खडा सुटून पित्तनलिकेच्या तोंडाशी अडकला की स्वादुपिंड सुजतं. हे पहिल्यांदा १९०१ मध्ये बाल्टिमोरच्या यूजीन ओपी यांनी एका शवविच्छेदनात त्या अडकलेल्या खड्यासकट दाखवलं. आमच्याकडे मोहाडी भागातलाच एक मुलगा आला. त्याला दर काही महिन्यांनी पोटात दुखायचं. सिकलसेलचा मुलगा, म्हणून दरवेळी 'क्रायसिस' असं लिहिलं जायचं आणि सलाइन लागायचं. सिकलसेलमध्ये तसं दुखतंही, म्हणून कोणाला दोष देता येत नाही. एका तरुण निवासी डॉक्टर मुलीने त्याला विचारलं, "दुखताना कसा बसतोस?" त्याने दाखवलं. तिने अमायलेज पाठवलं, सोनोग्राफी सांगितली. पित्ताशय खड्यांनी भरलेलं आणि स्वादुपिंडाच्या शेपटाशी छोटी पिशवी. ती पिशवी काहीही न करता दोन महिन्यांत जिरली, पण पित्ताशय काढावं लागलं, नाहीतर पुढचा खडा वाट पाहत होताच. जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम चालू आहे, रक्त तपासून कार्डं वाटली जात आहेत. त्या कार्डावर पित्ताशयाच्या सोनोग्राफीची एक ओळ असावी असं मला फार वाटतं.

विद्यार्थ्यांना पॅन्क्रियाटायटिसची कारणं पाठ करताना एक कारण नेहमी चक्रावून टाकतं : विंचू. विदर्भातली मुलं विचारतात, आपला विंचू? नाही. ते त्रिनिदाद बेटावरच्या विंचवाचं काम. १९७० मध्ये बार्थोलोम्यू यांनी तिथे विंचू चावलेले ३० पेशंट तपासले, त्यांतल्या २४ जणांच्या स्वादुपिंडाला सूज होती. आपल्याकडचा लाल विंचू मुख्यतः हृदयावर घाला घालतो, आणि त्यावर प्राझोसिन वापरून कोकणात असंख्य जीव वाचवले ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. गावात बसून जगाला उपयोगी पडेल असं काम होतं, हे सांगायला मी ही गोष्ट वर्गात मुद्दाम आणतो.

आंधळगावचा विणकर दुर्बिणीच्या दुसऱ्या दिवशी वरण-भात जेवला, तिसऱ्या दिवशी घरी गेला. महिन्याने पिशवी आक्रसून बोटभर राहिली होती. भावाने विचारलं, "आता नळ्या काढाच्या कवा?" हा प्रश्न घरच्यांनी स्वतःहून विचारला की मला बरं वाटतं, कारण यात सगळ्यात जास्त चुका इथे होतात. प्लास्टिकच्या नळ्या काही काळ राहिल्या तर चालतं. धातूचा स्टेंट मात्र पिशवी रिकामी झाली की साधारण तीन-चार आठवड्यांत काढायचा असतो, नाहीतर त्याची कड समोरच्या रक्तवाहिनीवर घासून रक्तस्राव होतो. पेशंटला बरं वाटत असतं, तो येत नाही. म्हणून आमच्या एंडोस्कोपीच्या सिस्टर एक जाड रजिस्टर ठेवतात. त्यात नावापुढे तीन नंबर असतात : घरचा, शेजाऱ्याचा किंवा किराणा दुकानाचा, आणि गावच्या आशाताईंचा. आषाढात फोन केला की उत्तर ठरलेलं असतं, "रोवणी झाली का येतो जी." परे, म्हणजे धानाची रोपं, उपटून झाल्यावर रोवणी थांबवता येत नाही हे सिस्टरना माहीत आहे, त्या स्वतः तुमसरकडच्या. म्हणून भंडारा-गोंदियाच्या पेशंटला धातूचा स्टेंट बसवायच्या आधीच त्या विचारून घेतात की धान कधी लागणार, आणि काढायची तारीख रोवणीच्या आधीची नाहीतर नंतरची लिहितात. दोन्ही जमत नसेल तर डॉक्टरांना सांगून प्लास्टिकच्या नळ्या मागून घेतात.